ताई, तुम्ही आम्हाला समुद्रात नेलंत

प्रिय ताई,

काल भाऊबीज झाली. पाट मांडला नाही. सुधीर सकाळी अंघोळ करून, नवा शर्ट घालून हॉलमध्ये येऊन बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मी चहा पुढे केला तेव्हा म्हणाला, "एव्हाना तिचा फोन यायचा. काटई नाक्याला अडकलेय, ताट तयार ठेवा, भुकेने जीव चाललाय माझा." स्वतःच हसला, आणि हसता हसता उठून गॅलरीत गेला. मी मागे गेले नाही. तुमच्या भावाला कधी एकटं सोडायचं हे तुम्हीच मला शिकवलंत ना?

संध्याकाळी म्हणाला, "वैशाली, ताईला कोणीतरी सगळं सांगायला हवं गं. ती गेली तेव्हा अर्धंच झालं होतं." स्वतः लिहायला बसला होता. दोन ओळींच्या पुढे त्याला जाता येईना. म्हणून आज मी बसलेय. लॅबला सुट्टी आहे, फराळाचे डबे शेजारीपाजारी देऊन झालेत, आणि तो खाली कोणाकडे तरी गेलाय.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. आपलं सगळं फोनवर चालायचं. तुमचा पहिला प्रश्न, "जेवलीस का?" मी उत्तर द्यायच्या आत दुसरा, "सुध्या काय म्हणतोय?" आणि मी कधी मनापासून थँक्यू म्हटलं की तुमच्या कपाळाला पडलेल्या आठ्या मला फोनमधूनसुद्धा दिसायच्या! "थँक्यू दुकानदाराला म्हणावं," म्हणून फोन ठेवून द्यायचात. आज तुम्हाला ठेवता येणार नाही. आज मी पोटभर म्हणून घेणार आहे.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुम्हाला 'वन्सं' म्हटलेलं, आठवतं? आईने तसं शिकवून पाठवलं होतं. ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या त्या दोन खोल्यांत तुम्ही शाळेतून नुकत्याच आलेल्या, ट्रॅकसूटमध्ये, कमरेवर हात ठेवून उभ्या. "वन्सं? नाटकात काम करतेस का गं? ताई म्हण." शाळेत पीटी शिकवणाऱ्या बाई तुम्ही! तुमच्या आवाजाने गल्लीतले रिक्षावालेसुद्धा सरळ रांगेत लागायचे. मी तर पहिलं वर्षभर तुम्हाला घाबरूनच होते. मग आम्ही डोंबिवलीला राहायला आलो, तन्मय झाला, आणि तुम्ही शाळा सुटली की थेट डोंबिवलीला येऊन त्याला मांडीवर घेऊन बसायला लागलात. ती भीती कुठे गेली ते कळलंच नाही.

रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात. तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेलात! ती जुनी लाल गाडी घेतलीत, आणि किल्लीला तुमची पीटीची शिट्टी अडकवलीत. नवरात्रात टेंभी नाक्यावरून गाडी हलत नाही, म्हणून दरवर्षी ती आमच्या सोसायटीत आणून लावायचात. वर आमच्या सेक्रेटरीलाच सुनवायचात, "पाहुण्यांच्या गाडीला जागा नाही, मग पाहुणचार कसला करता?" तो बिचारा अजून तुमची आठवण काढतो. खरंच!

पण आमच्या घरात त्या दिवसांत आवाज नव्हता. तुम्हालाच माहीत आहे ते.

तन्मय इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. परीक्षेला न बसताच घरी आला आणि म्हणाला, "मला हे जमत नाही, मी परत जाणार नाही." कोकणात मित्रांबरोबर बोटीवर काम करणार म्हणाला. पर्यटकांना समुद्रात न्यायचं आणि पक्षी दाखवायचे. सुधीरला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. एमआयडीसीतल्या कंपनीत फिटर म्हणून लागून सुपरवायझर झालेला माणूस. पोराला कोणी 'साहेब' म्हणावं एवढंच त्याचं स्वप्न होतं. ते काय चुकीचं होतं का? मी दोघांच्या मध्ये उभी होते. एकाचा शब्द राखावा तर दुसऱ्याचा मोडतो.

"पक्षी बघून पोट भरतं का?" सुधीर ओरडला.

"माझं भरेल."

"मग माझ्याशी बोलायचं काम नाही."

आणि दोघांनीही ते पाळलं, ताई. दीड वर्षाच्या वर. तन्मय मुंबईकडे आला की तुमच्याकडे उतरायचा. मी लॅबमधून सुटून ठाण्याला जायचे आणि माझ्याच मुलाला चोरून भेटल्यासारखी तुमच्या स्वयंपाकघरात भेटायचे. सुधीरला माहीत असायचं. तो विचारायचा नाही. फक्त तन्मयचा फोन आला की टीव्हीचा आवाज हळूच कमी करायचा. तुम्हाला हे मी एकदा सांगितलं, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, विषय संपला. तुमच्या डोक्यात तो तिथूनच सुरू झाला होता, हो ना?

गेल्या वर्षीच्या भाऊबिजेला सुधीरने तुमच्या ताटात ओवाळणी घातली. तुम्ही पाकीट परत त्याच्या खिशात कोंबलंत. "हे नको. मला तुझे तीन-चार दिवस दे. देवीला जाऊन किती वर्षं झाली! आपण तिघं जाऊ. गाडी मी चालवणार." संगमेश्वरजवळची आपल्या कुळाची देवी. देवीचं नाव काढल्यावर तो नाही म्हणणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. लबाड!

आणि त्या लबाडीत मलाही सामील करून घेतलं नाहीत, हा राग माझ्या मनात अजून आहे. नंतर विचारलं तर म्हणालात, "तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं गं वैशाली. सुध्याने पनवेललाच ओळखलं असतं."

काय सुंदर प्रवास होता तो! दिवाळी होऊन गेलेली, हवेत जरासा गारवा. तुम्ही टोपी घालून स्टेअरिंगवर, सुधीर शेजारी बसून उगाचच पायाने ब्रेक दाबणारा, मी मागे चिवड्याचा डबा आणि थर्मास सांभाळत. ट्रकवाल्याने कट मारला की तुम्ही काच खाली करून त्याला "नंबर काय तुझा?" म्हणून असं दरडावायचात, जणू तो सातवी 'ब' मधला होता. वडखळला वडापाव. महाडच्या पुढे घाट. घाटात सुधीर डोळे मिटून देवीचं नाव घेत होता, आणि तुम्ही म्हणालात, "थोडा जप तिथे पोचल्यावर करायला ठेव रे." किती दिवसांनी हसलो आम्ही दोघं एकत्र! त्या हसण्याची सुद्धा घरात सवय मोडली होती, हे मला तेव्हा कळलं.

देवीची ओटी भरली. भक्तनिवासात राहिलो. सकाळी नाश्ता करून निघालो, आणि सुधीरला गाडीत झोप लागली. मलाही डुलकी लागली होती. जागी झाले ती त्याच्या आवाजाने.

"ताई, हे लांजा गेलं ना आत्ता?"

"हो."

"अगं, आपण उलटे चाललोय!"

"उलटे कुठे? रस्ता सरळच आहे की."

"गोव्याला नेतेस काय आम्हाला?"

"गोव्याच्या थोडं अलीकडे."

गोव्याच्या अलीकडे म्हणजे तन्मयची बोट, हे आम्हा दोघांनाही कळलं. मग सुधीर अगदी शांत आवाजात म्हणाला, "गाडी थांबव."

तुम्ही थांबवलीत. वाद घातला नाहीत. तो उतरला आणि हायवेच्या कडेने आलो त्या दिशेला चालायला लागला. भर उन्हात, पायात देवळासाठी घातलेल्या साध्या चपला. जणू चालत डोंबिवली गाठणार होता! मी दार उघडून धावणार तेवढ्यात तुम्ही किल्ली काढलीत, खाली उतरलात, आणि ती शिट्टी वाजवलीत. एकच. लांब. शाळेच्या मैदानावरची.

आणि सुधीर थांबला. छप्पन वर्षांचा माणूस, पाठमोरा, जागच्या जागी उभा! लहानपणी तुम्ही त्याला मैदानावर खो-खो शिकवायचात ना, पायांना ते लक्षात होतं.

तुम्ही त्याच्याजवळ गेलात. मी मागे होते, पण मला ऐकू येत होतं. तुम्ही ओरडणार असं वाटलेलं. तुमचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"सुध्या, बाबा गेले तेव्हा तू त्यांच्याशी बोलत नव्हतास."

त्याने मान फिरवली. "तो विषय नको, ताई."

"तोच विषय आहे. त्यांनी तुझी सायकल विकली म्हणून. तू म्हणायचास, आई, बाबांना सांग मला वह्या हव्यात. आणि ते तुझ्यासमोर बसून म्हणायचे, त्याला सांग संध्याकाळी आणतो. दोघांचे निरोप आई पोचवायची. आम्ही हसायचो त्याला. वाटायचं, होईल चार दिवसांत नीट. आणि एका सकाळी ते कारखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत."

सुधीर खाली बघत होता. बाबांना कारखान्यात हार्ट अटॅक आला, एवढंच मला माहीत होतं. सायकल, अबोला, यातलं काही इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही.

"मी एकवीस वर्षांची होते," तुम्ही म्हणालात. "तुम्हा दोघांना एका खोलीत बसवून बोलतं करणं मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचलंय. एवढंच."

मग सुधीर म्हणाला, "मी बोलणार नाही त्याच्याशी."

"नको बोलूस. तू प्रवासी म्हणून बोटीत बस. गाईडशी बोललंच पाहिजे असा काही नियम नाही."

तो गाडीत येऊन बसला. मागे, माझ्या शेजारी. कुडाळपर्यंत त्याने माझा हात धरून ठेवला होता, हे तुम्हाला आरशात दिसत होतं. तुम्ही दिसत नसल्यासारखं केलंत, आणि रेडिओ लावलात. तेव्हा म्हणायचं राहिलं, ताई. आता म्हणते. थँक्यू.

कुडाळला चहाला थांबलो तेव्हा तुम्ही पर्समधून गोळी काढून घेतलीत. मी विचारलं, तर "ॲसिडिटी गं." मी रोज सकाळपासून लोकांचं रक्त काढते, रिपोर्ट हातात देते. तुम्ही मात्र मला कधी सुई लावू दिली नाहीत. "शाळेत मी पोरांना सुईसाठी रांगेत उभं करायचे, स्वतः नाही राहायचे." का हो असं केलंत? तुम्हाला माहीत होतं का, की वडिलांचाच हृदयविकार तुमच्यात उतरलाय? आता हे विचारून काही मिळणार नाही. तरी विचारते, कारण राग आहे, आणि राग माणूस आपल्याच माणसावर काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण धक्क्यावर गेलो. तन्मयला फक्त एवढंच माहीत होतं, की आत्या येतेय आणि तिच्याबरोबर दोन जणं आहेत. काळवंडला होता, हाडं दिसत होती, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. "आत्या!" म्हणून त्याने हात वर केला, आणि मग मागे आम्ही दिसलो. हात तसाच वर राहिला. क्षणभर वाटलं, हाही आता पाठ फिरवून चालायला लागणार. एकाच मातीचे दोघं!

पण तो कामावर होता. त्याने हात खाली घेतला आणि सगळ्यांना सांगतात तसंच आम्हाला सांगितलं, "लाईफ जॅकेट घालून घ्या." सुधीरला त्याचे पट्टे बांधता येईनात. तन्मय समोर आला, त्याने पट्टे ओढले, बकल लावलं, नीट बसलंय का ते दोनदा हलवून बघितलं. सुधीर पूर्ण वेळ समुद्राकडे बघत होता. तन्मय त्या बकलकडे. मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला त्यांचा कॅमेरा कसा धरायचा ते शिकवत होतात!

बोट निघाली. तुम्ही सगळ्यांत पुढे बसलात. बाबलकाका बोट चालवत होते, आणि तन्मय उभा राहून बोलत होता. मी त्याला असं बोलताना कधी बघितलंच नव्हतं, ताई. घरी प्रश्नाला 'हं' म्हणणारा मुलगा. आणि इथे, किनाऱ्याजवळचे कुरव पक्ष्यांचे पांढरे थवे उठले की त्याचा आवाजही त्यांच्याबरोबर वर जायचा. पिवळ्या चोचीचे सुरय पाण्यावर सूर मारत होते. मासा चोचीत घेऊन एक सुरय वर आला, आणि कुठूनसा एक काळपट, दांडगा पक्षी त्याच्या मागे लागला. त्याला इतकं सतावलं की शेवटी त्याने मासा टाकला आणि त्या दांडग्याने तो हवेतच झेलला.

"अरे, चोर कुठला!" तुम्ही ओरडलात. "ह्याला वर्गाबाहेर काढा!"

"आत्या, त्याचं पोट यावरच चालतं," तन्मय हसत म्हणाला. बोटीतले सगळे हसले. मी सुधीरकडे बघितलं. त्याच्या ओठांचा कोपरा हलला होता. नक्की हलला होता.

मग समुद्रातल्या खडकांच्या दिशेला आत जायला लागलो, आणि लाटा मोठ्या झाल्या. सुधीरला बोट लागली. ती कशी लागली ते तुम्ही पाहिलंतच. सकाळचे पोहे, चहा, सगळं बाहेर. चेहरा राखेसारखा. मी घाबरून उठायला गेले, तर बाबलकाका म्हणाले, "बस गो वयनी, पयल्या येळाक सगळ्यांचा असांच व्हता."

मी पोचायच्या आत तन्मय पोचला होता. त्याने एका हाताने सुधीरचं कपाळ धरलं, दुसऱ्या हाताने पाठ. पुण्याचं जोडपं बघत होतं, त्याला त्याचं काही नव्हतं. पाण्याची बाटली दिली, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "बाबा, खाली बघू नका. लांब बघा. जिथे पाणी संपतं ना, तिथे नजर ठेवा. मी धरलंय तुम्हाला."

आणि सुधीरने ऐकलं! कोणाचंही न ऐकणारा तुमचा भाऊ, पोराच्या खांद्याला टेकून लांब बघत बसला. मी रडायला लागले, तर तुम्ही पुढून वळून दटावलंत, "वैशाली, डोळे पूस. धुक्यातून पक्षी दिसणार आहेत का तुला?" तुमचा आवाज तरी कुठे धड होता?

किती वेळ गेला कोण जाणे. एकदम सुधीर म्हणाला, "ते काय रे?"

तन्मयला आधी कळलंच नाही की प्रश्न त्याला आहे.

"ते, ते बघ. पाण्यावर. कागदाच्या होड्या सोडल्यासारखं. तन्मय, बघ ना!"

तन्मयने दुर्बीण लावली, आणि असा ओरडला की बाबलकाकांनी इंजिन बंद केलं. "बाबा! कसे दिसले तुम्हाला? मी पंधरा दिवस शोधतोय यांना!" इवलेसे पक्षी, चिमणीहून थोडेच मोठे, मोकळ्या समुद्रावर तरंगत होते. लाट आली की वर, गेली की खाली. मधूनच एखादा स्वतःभोवती गरगर फिरायचा, भिंगरीसारखा. फॅलरोप, तन्मय म्हणाला. पार उत्तर ध्रुवाकडून येतात. हिवाळाभर जमिनीला पाय लावत नाहीत, पाण्यावरच खातात, पाण्यावरच झोपतात.

"एवढेसे?" सुधीर म्हणाला. "आणि घरी कधी जातात मग?"

"उन्हाळ्यात जातात, बाबा."

"हं," सुधीर म्हणाला. तन्मयने दुर्बीण काढून त्याच्या गळ्यात अडकवली. पुढे बराच वेळ दोन डोकी एकमेकांना लागून होती. एक काळं, एक पिकलेलं. "डावीकडे, बाबा. अजून डावीकडे. अहो, ते डावीकडे नाही!" "अरे मग नीट सांग ना!" दोघांचं भांडण सुरू झालं, ताई. इतकं गोड भांडण मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

किनाऱ्यावर आल्यावर सुधीरला पेज आणि लोणचं, आपल्याला बांगडे. सुधीरने काही त्याला मिठी वगैरे मारली नाही. तसलं आपल्या घरात कुठे! त्याने पेज पिता पिता विचारलं, "पावसाळ्यात बोटी बंद असतात ना? तेव्हा काय करतोस?" तन्मयने सांगितलं, किनाऱ्यावर काम असतं, आणि मुक्त विद्यापीठातून पदवीचा अर्ज भरायचा विचार आहे. "विचार नको करूस, भर," सुधीर म्हणाला. तन्मय काही तरी उलट बोलणार होता. तुम्ही त्याच्या पानात अख्खा बांगडा वाढून त्याचं तोंड बंद केलंत.

परतताना तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी मी बोट चालवणार." बाबलकाकांना तुम्ही तसं सांगूनही ठेवलं होतं. मे महिन्याचं ठरवलंही होतं.

होळी झाली, आणि आठवड्याभरात तुम्ही गेलात. तलावपाळीला फेऱ्या मारून घरी आलात, शेजारच्या काकूंना दुधाची पिशवी दिलीत, आणि बूट काढायला खुर्चीत बसलात, त्या तिथेच. काकूंचा फोन आला तेव्हा सुधीर कामावर निघत होता.

ताई, हे नीट ऐका. हे सांगण्यासाठीच मी एवढं लिहिलं.

फोन ठेवल्यावर सुधीर भिंतीला धरून उभा राहिला. मी त्याला सावरायला गेले, तर त्याने हात केला, थांब म्हणून. खिशातून मोबाइल काढला आणि स्वतः फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, स्वतः. तोवर फोन तन्मयच करायचा. पलीकडून "बाबा?" ऐकू आलं, आणि सुधीर म्हणाला, "अरे, आत्या गेली रे आपली. तू ये. मला एकट्याला नाही जमणार."

मला एकट्याला नाही जमणार! हे वाक्य त्याने आईच्या वेळीसुद्धा कोणाला म्हटलं नव्हतं.

तन्मय मिळेल त्या गाडीने निघाला. त्याच्यासाठी सगळे थांबले. तो गल्लीत शिरला तेव्हा सुधीर पायरीवर बसला होता. तो उठला, आणि दोघं एकमेकांना धरून असे रडले, की तुमच्या शाळेच्या जुन्या मुली, ज्या स्वतः आता आया झाल्यात, त्याही तोंडं फिरवून उभ्या राहिल्या. तुम्हाला अग्नी कोणी द्यायचा यावर भटजींनी काही तरी सांगितलं. सुधीर म्हणाला, "आम्ही दोघं देणार." दोघांनी दिला.

त्या दिवशी मी एकच विचार करत होते. ती लाल गाडी लांज्याच्या पुढे गेली नसती, तर? तर त्या सकाळी सुधीरने कोणाला फोन लावला असता? बहिणीला निरोप देताना त्याच्या खांद्याला खांदा लावून कोण उभं राहिलं असतं? तुम्ही जाताना आपल्या भावाला एकटं ठेवून गेला नाहीत. जायच्या आधीच त्याच्या हातात त्याचा मुलगा देऊन ठेवलात. याला थँक्यू पुरत नाही हे मलाही कळतं. पण माझ्याकडे दुसरा शब्द नाही हो.

राहिलेलं अर्धं सांगते. तन्मयने अर्ज भरलाय, पहिल्या सत्राची परीक्षाही दिली. पावसाळ्यात महिनाभर घरी होता, आणि सुधीरच्या डब्यातली भाजी रोज कोणी जास्त खाल्ली यावर वाद घालत होता. सुधीरने स्वतःसाठी दुर्बीण घेतली आहे! रविवारी सकाळी खाडीकडे जातो आणि मोबाइलवर हललेले, धूसर फोटो काढून तन्मयला पाठवतो, "हा कोण?" गेल्या रविवारी उत्तर आलं, "बाबा, हा कावळा आहे." सुधीरने तासभर तोंड फुगवलं, आणि मग दुपारी सगळ्या बिल्डिंगला तोच विनोद सांगत फिरला.

सगळंच छान झालंय असं नाही हं. तुमच्याशी काय खोटं बोलायचं! परवा दोघांचं फोनवर वाजलं. तन्मयला मित्राबरोबर भागीदारीत बोट घ्यायची आहे, आणि सुधीर म्हणतो, आधी पदवी. आवाज चढले. सुधीरने फोन कट केला आणि टीव्ही लावला. मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिले. वाटलं, आता सासूबाईंसारखे निरोप पोचवायचे का मी?

म्हणून तुम्हाला वचन देते, ताई. या घरात भांडणं होतील, आदळआपट होईल, दोघंही माझं डोकं खातील. पण अबोला मी वस्तीला राहू देणार नाही. दोघांचे निरोप इकडून तिकडे नेणार नाही. ज्याला जे म्हणायचं असेल ते त्याने दुसऱ्याच्या तोंडावर म्हणायचं, आणि मी दोघांना धरून समोरासमोर बसवीन, मग त्यासाठी मला कितीही लांब जावं लागो. तुम्ही एकवीस वर्षांच्या असताना तुम्हाला जे सुचलं नव्हतं, ते मला आता कायम सुचत राहील.

परवा मात्र माझ्यावर वेळ आली नाही. मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत सुधीरने टीव्ही बंद केला होता. मोबाइल कानाला होता, आणि तो म्हणत होता, "हां, कट झाला मघाशी. तर ती बोट केवढी आहे म्हणालास?"

तुमच्या ऋणातच राहायला आवडणारी,
तुमची भावजय
वैशाली